सहाशे सीडी घरी आणाव्यात का?

पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या ४९ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. थोडक्यात असं : घरात आम्ही दोघं, १९ वर्षांची मुलगी, १४ वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. मुलं लहान असताना दर शनिवारी जवळच्या सीडी लायब्ररीतून पिक्चर आणायचा, पावभाजी करायची आणि सगळ्यांनी मिळून बघायचा, असा शिरस्ता होता. आता घरात चार ओटीटी आहेत आणि एकत्र बसणं बंद झालं आहे. काय बघायचं हे ठरवण्यात अर्धा तास जातो, मग एकेक जण आपापला फोन घेऊन उठतो. सासूबाईंना जुने मराठी चित्रपट हवे असतात, पण त्यांना रिमोट जमत नाही. मध्यंतरी अर्धा बघून ठेवलेला एक चित्रपट काही दिवसांनी शोधला तर गायब. आता लायब्ररीवाले काका दिवाळीनंतर दुकान बंद करताहेत. सीडी-डीव्हीडी मिळून ६०० आहेत, रॅकसकट १२,००० रुपयांत न्या म्हणतात. यजमान म्हणतात, सगळं टीव्हीवर असताना हा पसारा कशाला? मला वाटतं सगळ्या घ्याव्यात, ओटीटी बंद करावं आणि जमलं तर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये नाममात्र भाड्यानं छोटी लायब्ररी चालवावी. मी उगाच जुन्यात रमते आहे का?

तुमचं पत्र वाचताना एक गंमत लक्षात आली. सीडींबद्दल त्यात फार थोडं आहे. कुठले चित्रपट आहेत, मराठी किती, हिंदी किती, चालू स्थितीत किती, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. शनिवारबद्दल मात्र भरभरून लिहिलं आहे, अगदी पावभाजीसकट. काका विकताहेत सीडी आणि तुम्ही विकत घ्यायला निघाला आहात शनिवार. तो त्या रॅकवर आहे का, हे आधी बघू या.

आठवून बघा. कुठला पिक्चर बघायचा हे घरी ठरायचंच नाही. ते दुकानात ठरायचं. जो कोणी सीडी आणायला जाईल (बहुतेक तुम्हीच) तो सगळ्यांच्या वतीनं निवडायचा. हवा तो बाहेर गेलेला असायचा, मग काका दुसरा काढून द्यायचे. घरी आल्यावर दोघं-तिघं कुरकुरायचे, 'हा कशाला आणलास?' पण भाडं भरलेलं असायचं, दुसऱ्या दिवशी सीडी परत करायची असायची आणि घरात टीव्ही एकच. कुरकुरत का होईना, सगळे बसायचे. पहिली वीस मिनिटं रटाळ गेली तरी उठून जावं असं दुसरीकडे काही नव्हतं. तुमचं एकत्र बसणं या अडचणींनी घडवून आणलं होतं. शिवाय तेव्हा तुमची लेक आठ-नऊ वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी शनिवारची संध्याकाळ आईबरोबर घरात काढणारी मुलगी कुठल्याही काळात विरळाच. तो दोष ओटीटीच्या माथी मारू नका.

आठवणीतून गाळलेलंही थोडं परत जमेस धरा. व्हीसीडीच्या, म्हणजे पिक्चरच्या सीडीच्या, एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटांचं चित्रण मावायचं, म्हणून पिक्चर दोन किंवा तीन सीडींत यायचा आणि तिसरी नेमकी अडकायची. चित्रही कसं? व्हीसीडीची चौकट ३५२ बाय २८८ ठिपक्यांची, म्हणजे एकूण एक लाखाच्या आसपास. डीव्हीडीत ते चार लाखांच्या थोडे वर गेले. आज घरोघरी असलेल्या फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर साधारण २१ लाख ठिपके असतात आणि फोर-केवर ८३ लाख. तेव्हाच्या २१ इंची टीव्हीवर जे छान दिसायचं ते आजच्या ५५ इंची पडद्यावर लावलंत तर चेहऱ्यांचे चौकोन दिसतील. 'डिस्कचं चित्र स्ट्रीमिंगपेक्षा सरस' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते ब्ल्यू-रेबद्दल, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या एचडी डिस्कबद्दल, खरं आहे. ब्ल्यू-रेवर चित्राची माहिती वाचण्याचा वेग सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, तर नेटफ्लिक्सला फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ मेगाबिटची जोडणी पुरते. अंधाऱ्या प्रसंगांत, पावसात, गर्दीत तो फरक डोळ्यांना कळतो. पण पुण्यातल्या गल्लीतल्या लायब्ररीत ब्ल्यू-रे कितीशा असणार? तुमच्या काकांकडच्या सहाशेमध्ये निम्म्या व्हीसीडी निघाल्या तरी मला नवल वाटणार नाही.

आता तुमच्या यजमानांकडे वळते, कारण 'सगळं टीव्हीवर आहे' हे त्यांचं वाक्यही तितकंच तपासून घ्यायला हवं. तुमचा अर्धा राहिलेला चित्रपट गायब झाला तो काही बिघाड नव्हता. ओटीटी कंपन्या बहुतेक चित्रपट ठरावीक मुदतीसाठी घेतात. मुदत संपली, करार वाढला नाही, की चित्रपट जातो. कधी दुसऱ्या कंपनीकडे उगवतो, कधी कुठेच उगवत नाही. जुन्या मराठी चित्रपटांचं तर विचारूच नका. चार कंपन्यांना पैसे भरूनही सासूबाईंनी सांगितलेल्या पाच नावांपैकी दोन सापडली तर नशीब म्हणायचं, आणि उरलेली यूट्यूबवर कोणीतरी चढवलेल्या, मध्येच आवाज जाणाऱ्या प्रतीत. पैसे भरले म्हणजे जाहिराती नाहीत, हेही आता खरं राहिलेलं नाही. प्राइम व्हिडिओनं भारतात जून २०२५ पासून चित्रपटांत जाहिराती दाखवायला सुरुवात केली, त्या नको असतील तर वरचे पैसे वेगळे.

म्हणून तुम्ही दोघं ज्या मुद्द्यावर भांडता आहात तो मला जरा चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. तुमच्या मते एका बाजूला भाड्याची डिस्क आहे आणि दुसऱ्या बाजूला ओटीटी. माझ्या मते ही दोन्ही एकाच बाजूला आहेत. ओटीटी हीच आजची भाड्याची लायब्ररी आहे. फक्त वर्गणी महिन्याची आहे आणि कुठलं पुस्तक कपाटात ठेवायचं हे ग्रंथपाल आपल्याला न विचारता ठरवतो. दुसरी बाजू आहे ती स्वतःच्या मालकीच्या प्रतीची. सहाशे सीडी विकत घेणं म्हणजे भाड्याची जुनी पद्धत परत आणणं नव्हे. तुम्ही सहाशे चित्रपटांच्या मालक होणार आहात. एवढ्या चित्रपटांचं मालक तुम्हाला व्हायचं आहे का?

गणित करून बघा. बारा हजारांत सहाशे म्हणजे डिस्कमागे वीस रुपये, स्वस्तच. पण महिन्याला दोन चित्रपट पाहिलेत तर सहाशे संपायला २५ वर्षं लागतील. तोवर तुम्ही ७४ वर्षांच्या झालेल्या असाल आणि प्लेअर कधीच बंद पडलेला असेल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पत्रात काकांविषयी थोडी अपराधी भावना दिसते. तुमच्या घरानं ओटीटी घेतलं म्हणून त्यांचं दुकान बसलं, असं मनाला लावून घेऊ नका. या धंद्याला पहिला धक्का खुद्द डिस्कनंच दिला होता. २००७ च्या सुमारास डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली; दोन-तीन दिवसांच्या भाड्यात सीडी स्वतःचीच होत असेल तर लायब्ररीत नाव कोण घालणार? मग २०१६ आलं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओनं डेटा जवळपास फुकट केला, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं. ज्या नेटफ्लिक्सनं अमेरिकेत १९९८ पासून टपालानं डीव्हीडी भाड्यानं देऊनच बस्तान बसवलं, त्यांनीही तो विभाग सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. तुमचे काका त्यानंतरही दुकान उघडं ठेवून होते, यातच त्यांची चिकाटी दिसते. पण त्यांच्या चिकाटीची भरपाई म्हणून सहाशे डिस्क घरात आणणं हा काही उपाय नाही.

मग एकही घेऊ नये का? तसं मुळीच नाही. चाळीस-पन्नास घ्या, पण निवडून. पूर्ण एक दुपार हाताशी ठेवून जा आणि सासूबाईंना विचारून नावांची यादी करून न्या. निवडायचा निकष एकच ठेवा : हा चित्रपट पुन्हा बघावासा वाटेल का, आणि आज कुठल्याही ओटीटीवर नीट प्रतीत मिळतो का? पुन्हा बघायचा आहे पण मिळत नाही, तो घ्यायचा. मुलांच्या लहानपणी पाठ झालेले दोन-तीन घ्या. ज्या डीव्हीडीत दिग्दर्शकाची मुलाखत किंवा चित्रीकरणाच्या गमती जोडलेल्या आहेत त्या घ्या, कारण ओटीटीवर हा भाग बहुधा येत नाही. व्हीसीडी मात्र अगदीच दुर्मीळ असल्याशिवाय सोडून द्या.

प्रत्येक डिस्क डबीतून काढून उलटी करून बघा. कंपनीनं कारखान्यात छापलेल्या डिस्कची खालची बाजू चंदेरी असते, क्वचित सोनेरी झाक असते. जांभळट, निळसर किंवा हिरवट दिसली तर ती कॉम्प्युटरवर भरलेली नक्कल आहे. ती घेऊ नका. एक तर ती बेकायदा, आणि तिच्यातला रंगाचा थर उन्हानं-उष्णतेनं काही वर्षांत खराब होतो. मग डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीएवढी भोकं चमकली तर परत ठेवून द्या. ओरखडे खालच्याच बाजूचे वाईट असं आपण समजतो, पण सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा थर वरच्या चित्राच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून पडलेला खोल ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती त्या मानानं टिकते. बुरशीचे पांढरट ठिपके असतील तर मऊ कोरड्या कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसून बघा. गोल गोल पुसू नका. घरी ठेवताना डब्या उभ्या ठेवा आणि ओल धरणाऱ्या भिंतीला लागून नको. पावसाळ्यात कर्वेनगरच्या भिंतींचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि हे सगळं लावायचं कशावर? पत्रात प्लेअरचा उल्लेखच नाही. माळ्यावर जुना असेल तर डिस्कला हात लावण्याआधी तो काढून चालवून बघा. त्याला पिवळी-लाल-पांढरी वायर असेल आणि तुमच्या नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआयची भोकं असतील, तर मध्ये एक कन्व्हर्टर लागेल. लॅपटॉपला लावायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह स्वस्त पडतो. मात्र तो थेट टीव्हीच्या यूएसबीत खुपसला तर बहुतेक टीव्ही त्याला ओळखत नाहीत. नवे प्लेअर कमी होत चालले आहेत. सॅमसंगनं २०१९ मध्येच नवे ब्ल्यू-रे प्लेअर काढणं थांबवलं, एलजीनंही २०२४ संपताना आवरतं घेतलं. तेव्हा आधी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक चक्कर मारा. जुना बाजारातून बुधवारी-रविवारी वापरलेला घ्यायचा असेल तर आपली एक डिस्क बरोबर न्या, पाच मिनिटं चालवून बघा, ट्रे दोन-तीनदा आतबाहेर करा आणि रिमोटशिवाय घेऊ नका. परदेशातल्या कोणी डीव्हीडी आणून दिल्या असतील तर एवढं लक्षात ठेवा की डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि त्यात आपला विभाग पाचवा आहे. अमेरिकेतली पहिल्या विभागाची डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते.

प्लेअर किंवा ड्राइव्ह आलाच तर त्याचं पहिलं काम चित्रपट बघणं हे नको. कपाटात लग्नाची, मुंजीची, बारशाची डीव्हीडी असेल, ती फोटोग्राफरनं भरून दिलेली, म्हणजे जांभळट. ती आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, दोन ठिकाणी. चित्रपटाची दुसरी प्रत जगात कुठेतरी असते, मुंजीची नसते. सीडी-डीव्हीडीच्या कुठल्याही वादात न पडणाऱ्या वाचकांनीही एवढं काम या सुट्टीत उरकावं.

ओटीटी बंद करायचं म्हणता, तेही सरसकट नको. चार चालू ठेवायची मात्र काही गरज नाही. एका वेळी एकच ठेवा, तीन महिने बघा, मग ती बंद करून दुसरी घ्या. पैसे आपोआप कापले जाण्याची सोय आधी काढून टाका, नाहीतर हा बेत कागदावरच राहतो. कुठला प्लॅन घेतला आहे तेही यजमानांना विचारा. नेटफ्लिक्सचा फोर-के प्लॅन हे लिहिताना महिन्याला ६४९ रुपयांचा आहे, म्हणजे वर्षाला ७,७८८. आणि टीव्ही फोर-के नसेल तर ते पैसे न दिसणाऱ्या ठिपक्यांवर जातात. एखादाच नवा चित्रपट बघायचा असेल तर यूट्यूबवर किंवा प्राइमवर तो एकटा भाड्यानं मिळतो का बघा. पैसे भरल्यापासून तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केला की साधारण ४८ तासांत संपवायचा, असा नियम असतो. तुमच्या काकांच्या वहीची आठवण करून देणारी आजच्या ओटीटीतली हीच एक सोय आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती फार कोणी वापरत नाही. तिथेच शेजारी 'विकत घ्या' असंही बटण असतं, त्यापासून सावध राहा. त्या पैशांत मिळतो तो बघण्याचा परवाना, प्रत मिळत नाही. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की असं विकताना हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपल्याकडे ते आपणच ध्यानात ठेवायचं.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला त्या ओळीजवळ थांबावंसं वाटतं. रिमोट जमत नाही म्हणजे नेमकं काय होतं? अक्षरं दिसत नाहीत? बाण कुठे आहे ते कळत नाही? चुकून काहीतरी बंद पडेल आणि नातवंडं वैतागतील याची धास्ती वाटते? की त्यांना एकटीनं बघायचंच नाही आणि 'जमत नाही' हे कोणीतरी शेजारी येऊन बसावं म्हणून आहे? एकदा निवांत विचारा, मुलांच्या देखत नको. धास्ती असेल तर डीव्हीडी प्लेअर त्यांना खरोखर सोपा जाईल : डबीवर चित्र, आत डिस्क, एक बटण. पाचव्यांदा तोच पिक्चर लावला तरी 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत कोणी मध्ये येत नाही. त्या चाळीस-पन्नास डिस्कमधल्या निम्म्या त्यांच्याच असू देत आणि त्यांच्या हाताला येतील अशा फळीवर असू देत. अक्षरांची अडचण असेल तर नव्या रिमोटवरच्या माइकच्या बटणात मराठी नाव बोललं तरी पुष्कळदा काम होतं. आणि सोबतच हवी असेल, तर त्यावर माझ्याकडे वस्तूचा उपाय नाही. दुपारी तासभर तुमच्यापैकी कोणीतरी बसायचं.

त्यांच्या आवडीचा काळ प्रभात फिल्म कंपनीचा असेल तर आणखी एक करा. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिचा स्टुडिओ उभा राहिला तो तुमच्या घरापासून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि तिथे चित्रपटांचे खेळ होत असतात. घरी न्यायला डिस्क देणारी ती जागा नव्हे, पण १९३६ चा 'संत तुकाराम' मोठ्या पडद्यावर लागलेला कळला तर सासूबाईंना घेऊन जाच. संग्रहालयाची आठवण काढण्याचं आणखी एक कारण आहे. 'सगळं कुठेतरी असतंच' या भरवशावर आपण फार विसंबतो. देशातला पहिला बोलपट, १९३१ चा 'आलम आरा', आज कुठेच शिल्लक नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचे कितीतरी डबे जळून गेले. तुमच्या घरातल्या डीव्हीडीनं चित्रपटसृष्टीचा वारसा वाचणार नाही, तसा आव आणू नका. पण ज्याची नीट प्रत बाजारात नाही असा एखादा मराठी चित्रपट काकांच्या रॅकवर मूळ छापील डिस्कमध्ये सापडला, तर वीस रुपयांना तो सोडून येऊ नका.

क्लबहाउसच्या लायब्ररीचा बेत मात्र, निदान भाड्याचा भाग, आत्ताच गुंडाळून ठेवा. कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाची प्रत व्यावसायिक भाड्यानं देण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाचा असतो. दहा रुपये नाममात्र असले तरी भाडं ते भाडंच. २०१२ च्या दुरुस्तीत एक वाट ठेवली आहे : नफा न कमावणारं ग्रंथालय किंवा शिक्षणसंस्था कायदेशीर मार्गानं मिळवलेली प्रत विनानफा देत असेल, तर ते व्यावसायिक भाडं समजलं जात नाही. सोसायटीचं क्लबहाउस म्हणजे असं ग्रंथालय, हे मानून चालणं मला धोक्याचं वाटतं. हौस असेल तर तुमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाला विचारा, काकांच्या उरलेल्या मूळ प्रती घेण्यात त्यांना रस आहे का. मैत्रिणींना एकमेकींत बिनपैशानं डिस्क द्यायला कोणाचीच हरकत नसते. परत येत नाहीत ही गोष्ट वेगळी.

राहिला शनिवार. तो परत आणायचा तर डिस्क असो वा ओटीटी, निवड टीव्हीसमोरून उठवून दुसरीकडे न्यावी लागेल. नाव शुक्रवार रात्रीपर्यंत ठरलेलं असलं पाहिजे आणि ते एकानंच ठरवायचं, पाळीपाळीनं. बाकीच्यांना नकाराधिकार नाही. चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी मारामारीचा निवडला तर सासूबाईंसकट सगळ्यांनी बसायचं. लेकीनं कोरियन निवडला तर मराठी सबटायटल नाहीत म्हणून नाक मुरडायचं नाही, इंग्रजीवर भागवायचं किंवा आजीला शेजारी बसून सांगत राहायचं. अर्ध्या तासानंतर ज्याला उठायचं त्यानं खुशाल उठावं. दर आठवड्याचा हट्टही धरू नका, महिन्यातून दोनदा पुरे. लेक तीनदा येणार नाही, चौथ्यांदा येईल. फोनबंदीचा नियम करण्याचा मोह होईल, तो टाळा. एकोणीस वर्षांच्या मुलीवर नियम लादलात तर पिक्चर राहील बाजूला आणि नियमावरच संध्याकाळ जाईल. वाईट पिक्चर निघाला तर त्याची यथेच्छ टिंगल करायची मुभा सगळ्यांना हवी. तुमच्या जुन्या शनिवारांतलेही निम्मे पिक्चर वाईटच असणार, आणि तुम्हाला आठवते ती त्यांच्यावरची बडबड.

या सगळ्यात ओटीटीकडे नसलेली एक चीज काकांकडे आहे, आणि ती १२,००० च्या हिशेबात धरलेली नाही. 'हा नेऊ नका, तुमच्या आईंना रडू येईल' किंवा 'हा बघाच, मुलांना हसून पुरेवाट होईल' असं सांगणारा तो माणूस आहे. तुमच्या घरात कोणाला काय आवडतं हे वीस-वीस वर्षं बघितलेल्या माणसाला कळतं तसं कुठल्याही यंत्राला कळत नाही, निदान अजून तरी. म्हणून डिस्क निवडायला जाल तेव्हा वही-पेन घेऊन जा आणि त्यांच्याकडून वीस नावं लिहून घ्या, सासूबाईंसाठी दहा आणि मुलांसाठी दहा. त्यातली जी रॅकवर नसतील ती ओटीटीवर शोधता येतील. दुकान बंद झाल्यावर एखाद्या शनिवारी त्यांना जेवायलाही बोलवा आणि त्या दिवशीची पाळी त्यांना द्या.

निवडलेल्या पन्नास डिस्कचे त्यांना वीसऐवजी तीस रुपयांनी द्या, घासाघीस करू नका. मात्र लायब्ररीत नाव घालताना तुम्ही भरलेलं डिपॉझिट बहुधा अजून त्यांच्याकडेच असेल. ते या पंधराशेत वळतं करून घ्यायला विसरू नका. काका पुण्याचे आहेत, वाईट वाटून घेणार नाहीत.